लिफ्ट किट विकू नका, सरळ चालणारी गाडी विका

या आठवड्याच्या व्हिडिओत 'अर्धं कोटेशन' या विषयावर बोललो. त्यातला माझाच किस्सा इथे नीट लिहून देतो, कारण व्हिडिओत पायऱ्या निसटतात.

दोन वर्षांपूर्वी एक ग्राहक जिम्नी घेऊन आला. गाडी 2 इंच उचलून हवी होती. दुसऱ्या गॅरेजपेक्षा कमी सांगायचं म्हणून मी स्प्रिंग, शॉकअप आणि 7 हजार मजुरी एवढंच कोटेशन दिलं. त्याने विचारलं, "अजून काही लागेल का?" मी म्हणालो, "काही नाही, संध्याकाळी घेऊन जा."

चौथ्या दिवशी फोन आला. "दादा, खंबाटकी उतरल्यावर पुलाच्या जॉइंटवर स्टिअरिंग असं थडथडलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. मागे पोरं बसली होती."

बोलणी खायची मला सवय आहे. पण शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

नेमकं काय बिघडलं होतं?

जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो. बॉडी वर गेली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. ड्रॅग लिंकचा कोनही बदलतो, म्हणून गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. तिसरी आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कास्टर. पुढचे आर्म खाली झुकतात, अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कास्टर कमी होतो. मग चाक आपोआप सरळ यायला कचरतं. त्यात एखादा बुश किंवा बॉल जॉइंट सैल असेल, तर एका खड्ड्यावरून थडथड सुरू होते.

मी पहिल्यांदा काय केलं? जाड स्टिअरिंग डॅम्पर लावला. थडथड दबली, आठ दिवसांनी परत आली. दुखणं तिथेच होतं, मी फक्त वेदनाशामक गोळी दिली होती.

आमच्या मिस्त्रींनी लावलेला क्रम

1. आधी सगळे बुश, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग तपासा. सैल असेल ते बदला.
2. गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही फेंडरवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा. दोन बाजूंत 16 मिमी फरक असेल, तर अ‍ॅक्सल 8 मिमी सरकला आहे. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉडने तो मध्यावर आणा. मागेही हेच करा.
3. करेक्शन बुश बसवून कास्टर कंपनीच्या आकड्यापर्यंत आणा.
4. मग टो-इन करा आणि शेवटी ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंग सरळ करा.
5. ब्रेकचे होज पूर्ण ताणले जात नाहीत ना, ते चाक लटकवून बघा.

इथे एक गोम आहे. कास्टर वाढवायला अ‍ॅक्सल मागे फिरवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. म्हणून लागेल तेवढंच फिरवा. हादरा कुठला हे ओळखायची साधी खूण: खड्ड्यानंतर स्टिअरिंग हललं तर पुढच्या सांध्यांकडे बघा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की हादरा बदलत असेल तर शाफ्टकडे बघा. 4एच मध्येच येत असेल तर पुढचा शाफ्ट. पण 4एच ची चाचणी मातीच्या रस्त्यावर घ्या, कोरड्या डांबरावर नाही.

2020 पासूनच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. तिथे ही यादी जशीच्या तशी चालत नाही. सीव्ही जॉइंटचे कोन बघावे लागतात.

हिशोब

दुरुस्तीचे सुटे भाग माझ्या खिशातून गेले आणि रॅम्प तीन दिवस अडकला. 7 हजार मिळवायला गेलो आणि त्याच्या तिप्पट घालवून बसलो. ग्राहक मात्र टिकला, कारण चूक माझी आहे हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

दुसरी चूक कागदाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. मी हे ग्राहकाला सांगितलंच नव्हतं. अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता. आता रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी आणा, असं मी सांगतो. नाहीतर काम घेत नाही. खासगी ट्रॅकवर ट्रेलरने नेतात त्या गाड्या घेतो, आणि कोटेशनमध्ये किट, करेक्शन, अलाइनमेंट, रोड टेस्ट हे चारही आकडे एकत्र देतो. ग्राहक म्हणाला "फक्त किट बसवा", तर हात जोडतो.

तुमचा धंदा केकचा असो की शिलाईचा, आज वहीत एक ओळ लिहा: दर कमी दिसावा म्हणून मी कोटेशनमधून काय गाळतो? तोच तुमचा पॅनहार्ड रॉड. तो आजच कोटेशनमध्ये घाला.