कपभर म्हणजे किती?

उद्यमबागेत तीस वर्षं मी क्वालिटीच्या टेबलावर काढली. मशीनिंग होऊन आलेल्या कास्टिंगला मायक्रोमीटर लावायचा, आकडा लिहायचा आणि माल पास की रिजेक्ट ते सांगायचं. 'अंदाजे बरोबर आहे' हे तिथे चालत नसे.

मुलगा अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे स्टीलचं मोठं पातेलं आणि नळ्या दिसल्या. विचारलं, तर जरा थांबून म्हणाला, "बाबा, मी घरी बिअर करतो." आमच्या घरात कुणी कधी थेंबाला शिवलेलं नाही. त्याची आई उठून आत गेली. मीही फोन ठेवला. आपल्या कर्नाटकात परवान्याशिवाय असं काही करणं हा गुन्हा. तिकडे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मुभा दिली, एवढंच त्याने नंतर कळवलं. पुढे बरेच दिवस बोलणं हवापाण्यापुरतंच राहिलं.

मग एकदा त्यानेच विषय काढला. वीस लिटरची बॅच वाया गेली होती. तीन दिवस फेस नाही, नंतर आंबट घाण वास. मी सवयीने विचारलं, "यीस्ट किती घातलंस?"

"मागच्या बॅचचा गाळ फ्रिजमध्ये होता. कपभर घातला."

"कपभर म्हणजे किती?"

त्याला सांगता येईना. तिथून आमचा हिशोब सुरू झाला.

मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड रस काढतात. त्यात वजनाने शेकडा जितकी साखर, तितके अंश. साध्या एल बिअरला दर मिलिलिटरला, दर अंशाला साधारण साडेसात लाख जिवंत पेशी लागतात. १२ अंशांच्या रसाला मिलिलिटरमागे ९० लाख. वीस लिटरला १८,००० कोटी.

आता गाळात किती? त्याने सूक्ष्मदर्शक आणि रक्तपेशी मोजायची चौकटींची काचपट्टी आणली. गाळ शंभर पट पातळ करून त्यात मेथिलिन ब्लू घातलं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग घेत नाही. २५ चौकटींपैकी पाच मोजल्या: ९० पेशी, त्यातल्या ३६ निळ्या. म्हणजे जिवंत ५४. पाचने गुणलं, २७०. पट्टीची खोली लक्षात घेऊन दहा हजारांनी गुणलं, २७ लाख. पातळ केल्याचे शंभर पट, म्हणजे मिलिलिटरला २७ कोटी. त्याचा कप २०० मिलिलिटरचा; झाल्या ५,४०० कोटी. गरजेच्या जेमतेम तीस टक्के! यीस्ट कमी पडलं की दुसऱ्या जंतूंना रान मोकळं मिळतं.

गाळ टाकून दिला. नवीन पाकिटात साधारण १०,००० कोटी पेशी असतात, त्याही कमीच. म्हणून 'स्टार्टर' करायचा: लिटरला १०० ग्रॅम माल्ट पावडर उकळून, पूर्ण गार करून त्यात यीस्ट वाढवायचं आणि पुन्हा मोजायचं.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच आहे. पावासाठी जुनं ड्राय यीस्ट वापरण्याआधी चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही, तर मैदा भिजवू नका.

स्टार्टर झाल्यावर मुलाने चौकटींचा फोटो मोजायला पाठवला. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात हिने फोन हातात घेतला. बिअर चांगली की वाईट, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. पण बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला विचारा की, रेषेवर बसलेल्या धरायच्या का नाही?"

वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, बाकीच्या सोडायच्या. तो नियम तिला मुलानेच समजावून सांगितला. त्या दिवशी कॉल तासभर चालला.