अस्तित्ववाद म्हणजे नुसती उदासी?

चिखले-घोलवडच्या चिकूच्या वाडीत फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचं नाव काढलं, तर ऐकणारा हसेल. अस्तित्ववाद म्हटलं की पॅरिसचा कॅफे आणि सिगारेटचा धूर आठवतो. मराठीत फार तर 'कोसला' (१९६३) कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर. जगण्याला अर्थ नाही, तेव्हा हातपाय गाळून बसा, असं हे तत्त्वज्ञान सांगतं म्हणे. सगळ्यांत चिवट गैरसमज हाच.

२९ ऑक्टोबर १९४५ला सार्त्रनं पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं, त्यात याच आरोपाला उत्तर होतं. माणूस ठरलेला साचा घेऊन जन्मत नाही, तो आपल्या करणीतून घडतो. 'आमच्या नशिबातच होतं' ही पळवाट त्यानं बंद केली.

हे नास्तिकांचंच काम, हेही खरं नाही. किर्केगार्द आणि मार्सेल श्रद्धाळू ख्रिस्ती होते. काम्यूनं तर अस्तित्ववादी हे बिरुदच नाकारलं.

पण पोट भरलेल्यांचे हे चोचले, या आक्षेपाला थांबून उत्तर द्यायला हवं. सार्त्रच्या व्याख्यानाच्या काळात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात 'लग्नगडी' होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज काही फिटायचं नाही. अशा माणसाला 'तू स्वतंत्र आहेस' म्हणणं ही चेष्टाच वाटेल. जर्मनांच्या कैदेत राहून आलेल्या सार्त्रला परिस्थिती आपण निवडत नाही हे ठाऊक होतं. तिच्यापुढे मान तुकवायची की नाही, एवढा प्रश्न मात्र उरतोच, असं तो म्हणे.

तो प्रश्न २३ मे १९४५ला तलासरीजवळच्या झरी गावी वारली आदिवासींनी सोडवला, सार्त्र न वाचता. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं सभेत ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड धरून पाच जण गेले. पॅरिसचं व्याख्यान अजून एकोणीस दिवस दूर होतं. वारल्यांना अस्तित्ववादी ठरवायचा आगाऊपणा मी करणार नाही. त्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर कम्युनिस्ट; त्यांनाही ते रुचलं नसतं, कारण त्या व्याख्यानात सार्त्र ज्यांना उत्तर देत होता त्यांत कम्युनिस्टही होते. तरी या लढ्यावरच्या गोदावरीबाईंच्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) असावं, याची मला गंमत वाटते.

राहिला शेवटचा आक्षेप: हे स्वातंत्र्य म्हणजे मनमानी. सार्त्रच्या मते आपली निवड आपल्यापुरती नसते. ती करताना आपण सगळ्यांसाठीच काहीतरी ठरवत असतो. वारल्यांच्या गवतकापणीच्या संपात हे रोकडं दिसलं. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपयांची. एकजण जरी कमी पैशांत विळा घेऊन रानात उतरला असता, तरी भाव सगळ्यांचाच पडला असता.