पाहुण्यांचा हंगाम : तळ्याकाठचा मुक्काम आणि येळवशीचे वनभोजन

मार्गशीर्ष अमावास्येचा दिवस उजाडला म्हणजे अंबाजोगाई व केज तालुक्यांच्या लातूरकडील गावांतून माणसांची रीघ शिवाराकडे लागते. डोक्यावर भाकरीच्या दुरड्या, घोंगडीत गुंडाळलेले आंबिलीचे मडके, मागे मुलेबाळे व पाहुणे, असा हा थाट असतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली असते. तिच्या आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले असतात. पूजा होते, पिकावर आंबील शिंपडली जाते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर व तिळाची पोळी यांची पंगत बसते. हीच वेळ अमावास्या, म्हणजे गावच्या बोलीतील येळवस. त्या दिवशी ओळखीचा असो वा अनोळखी, शेतावर आलेला कोणीही उपाशी जात नाही. लातूर शहरातील रस्ते या दिवशी ओस पडतात व शिवारे गजबजतात. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकातही हाच सण पाळला जातो.

हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अलीकडे त्यात एक गोष्ट नव्याने दिसू लागली आहे. शहरातील कुटुंबे सुटीचे एकदोन दिवस तळ्याकाठी तंबूत राहण्यासाठी, होडीत बसण्यासाठी व हुरडा खाण्यासाठी खेड्याकडे येऊ इच्छितात आणि त्याचे पैसेही देतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले व अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची सोय केली. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याने या संधीकडे कसे पाहावे, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. पाहुण्यांचा हंगाम हाही खरीप-रब्बीसारखाच एक हंगाम होय. त्याची पूर्वतयारी आधी करावी लागते, आणि त्यात निष्काळजीपणा झाल्यास होणारे नुकसान पिकापुरते राहत नाही, ते माणसाच्या जिवापर्यंत पोचते.

परदेशातील एक उदाहरण

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा सण असतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात, आणि लाल भोपळा कोरून त्यात दिवा लावून तो दारात ठेवतात. ही चाल मूळची आयर्लंडकडील. तेथे पूर्वी सलगम कोरीत असत. लोक अमेरिकेत गेले व तेथील भोपळा त्यांना अधिक सोयीचा वाटला. तेथील पुष्कळ शेतकरी त्या महिन्यात आपली शेते लोकांना खुली करतात. कुटुंबे येतात, मुले वेलावरचा भोपळा स्वतः निवडतात, उभ्या मक्यात आखलेल्या चक्रव्यूहात खेळतात आणि संध्याकाळी शेकोटीजवळ बसतात. भोपळा बाजारात नेण्याऐवजी बाजारच शेतावर येतो.

यातील भुतांची सोंगे आपण घेण्याचे कारण नाही. घेण्यासारखी आहे ती तेथील शेतकऱ्याची हिशेबी दृष्टी. भोपळ्यास तयार होण्यास सुमारे ९० ते १२० दिवस लागतात. म्हणून तो शेतकरी सणाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून मे अखेरपासून जुलैच्या आरंभापर्यंत लागवड करतो. आपल्याकडेही सण आहे, पीक आहे व पाहुणाही आहे. उणीव आहे ती या तिहींची सांगड घालण्याची.

पंचांग पाहून पेरणी

हॅलोवीनची तारीख ठरलेली असते. आपली अमावास्या मात्र पुढेमागे सरकते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे त्या वर्षीची वेळ अमावास्या ११ जानेवारी २०२४ रोजी आली. त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ रोजी, व त्यापुढची १९ डिसेंबर २०२५ रोजी आली. म्हणजे एकाच २०२४ सालात हा सण दोन वेळा झाला. ज्यास सणाच्या दिवशी पाहुण्यांपुढे कोवळा हुरडा ठेवावयाचा आहे, त्याने पेरणीपूर्वीच पंचांग उघडले पाहिजे.

रब्बी ज्वारीचा हुरडा पेरणीपासून साधारणपणे ९० ते १०० दिवसांनी खाण्याजोगा होतो. त्या हिशेबाने ३० डिसेंबरच्या सणासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तर ११ जानेवारीच्या सणासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी साधावी लागते. सण डिसेंबरच्या मध्यावर आला तर पेरणी सप्टेंबरच्या मध्यावर येते. त्याहून आधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

दाणा हुरड्याच्या अवस्थेत फार दिवस राहत नाही. आठ-दहा दिवसांत तो टणक होऊ लागतो. सबब सर्व रान एकदम न पेरता हुरड्यासाठी तीन-चार लहान पट्टे राखावेत व ते आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत. त्यामुळे महिनाभर हुरडा मिळत राहतो. गूळभेंडी हा हुरड्याचा जुना व आवडता वाण आहे. राहुरी येथील विद्यापीठाचे फुले उत्तरा व फुले मधुर, तसेच परभणी येथील विद्यापीठाचा परभणी वसंत हे वाणही खास हुरड्यासाठी प्रसारित झाले आहेत. या पट्ट्यांवर कणसे निसवल्यानंतर कीटकनाशक फवारू नये. कणीस भाजून लगेच तोंडात जाते, ही गोष्ट विसरता कामा नये.

जिल्ह्यातील वर्षाचा क्रम

पाहुण्यास केव्हा व कोठे न्यावे, हेही ऋतूवर अवलंबून आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. हे दृश्य श्रावण-भाद्रपदात पाहावे. मात्र त्याच दिवसांत खडक शेवाळलेले असतात, म्हणून कड्याच्या टोकाशी कोणासही उभे राहू देऊ नये. त्याच तालुक्यात नायगाव येथे १९९४ साली जाहीर झालेले सुमारे ३० चौ. कि.मी. क्षेत्राचे मयूर अभयारण्य आहे. मोराचा पिसारा पावसाळ्याच्या आरंभी पूर्ण भरलेला असतो व पुढे तो गळतो. तेव्हा नाचणारा मोर पाहण्यासाठी हिवाळ्यात येणाऱ्यास तसे आधीच सांगावे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून तंबू ठोकू नये, चूल पेटवू नये व ध्वनिक्षेपक लावू नये. कार्तिक पौर्णिमेस कपिलधार येथे मन्मथस्वामींची यात्रा भरते. थंडी पडू लागल्यावर मार्गशीर्ष व पौष हे दोन महिने शेतावरील मुक्कामाचे व हुरड्याचे होत.

पाण्याचा भरवसा मात्र दरवर्षी सारखा धरता येत नाही. सिंदफणेवरील माजलगाव धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण व बीडजवळील बिंदुसरा तलाव चांगल्या पावसाच्या वर्षी भरतात व डोळे निवतात. पण २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले व लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण जुनी झालेली नाही. म्हणून ज्याने केवळ होडीच्या भरवशावर खर्च केला, त्याचा धंदा एका दुष्काळात बसेल. हुरडा, वनभोजन व शेतावरील मुक्काम हा पाया समजावा. होडीस वरकड मानावे.

शेततळे हे होडीचे पाणी नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात पाहुण्यास पोहू देणे किंवा होडी घालणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याच्या कडा उताराच्या असतात, अस्तर ओले झाले की गुळगुळीत होते, आणि पट्टीचा पोहणाराही काठावर येऊन वर चढू शकत नाही. पाय घसरतो, हात धरावयास काही सापडत नाही, व वाचवावयास उतरलेला दुसरा माणूसही आतच अडकतो. शेततळ्यांत या रीतीने कित्येक घरांतील मुले गेली आहेत.

ज्याच्या शेतावर असे तळे आहे, त्याने पाहुणे येवोत वा न येवोत, पुढील तजवीज करावी. सभोवार तारेचे कुंपण घालून फाटकास कुलूप लावावे. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरील भक्कम खुंट्यांना बांधून पाण्यात सोडावेत. हवा भरलेल्या दोन ट्यूब दोरासह हाताशी टांगून ठेवाव्यात. कठडा नसलेल्या विहिरीभोवतीही अडसर करावा. शहरातील मुलास विहिरीची सवय नसते व धाक तर मुळीच नसतो.

होडी चालवावयाची ती नैसर्गिक उथळ काठ असलेल्या तलावात, आणि तीही जलसंपदा विभागाची रीतसर परवानगी घेऊनच. मासेमारीच्या थर्मोकोलच्या तराफ्यावर पाहुण्यास बसवू नये. तो तराफा ज्याचा त्यालाच सांभाळता येतो. होडीतील प्रत्येकाच्या अंगात, पोहता येणाऱ्याच्यासुद्धा, तरंगजाकीट असलेच पाहिजे. वल्ही मारणाऱ्यांबरोबर त्या पाण्याची माहिती असलेला एक गावकरी असावा. वारा सुटल्यावर व दिवस मावळल्यावर होडी काठाला बांधावी.

तंबू, आगटी व अंधार

तंबूसाठी जागा उंचवट्यावरील, मोकळी व गवत काढलेली असावी. कडब्याची गंज, उकिरडा व दगडांचा ढीग यांपासून ती दूर असावी, कारण तेथे उंदीर व त्यांच्या मागे साप येतात. घोणस व फुरसे हे विषारी साप या भागात आहेत. रात्री विजेरीवाचून कोणी हिंडू नये व सकाळी पायताण झटकून घालावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये व मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रुग्णास न चालविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालयात न्यावे. अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

हुरड्याची आगटी कोपीपासून व उभ्या पिकापासून लांब, खड्ड्यात करावी. कडबा एका ठिणगीने पेटतो. जवळ पाण्याचे पिंप व मातीची दोन घमेली भरून ठेवावीत. काही गावांत सायंकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी घालण्याचा प्रघात आहे. पाहुण्यांच्या मुलांना हे दृश्य मोठे नवलाचे वाटते, परंतु ती पेंढी जाणत्याच्याच हाती असावी व मुलांनी बांधावर उभे राहून पाहावे.

पिण्याचे पाणी शुद्ध केलेले, स्त्रियांसाठी स्वतंत्र व स्वच्छ शौचकूप, आणि कचरा परत नेण्याची व्यवस्था, या तीन गोष्टी नसतील तर पाहुण्यांना बोलावू नये.

हा खटाटोप कशासाठी?

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ती परतावयास बहुधा पाडवा येतो. म्हणून येळवशीच्या दिवशी कित्येक कोपींपुढे केवळ म्हातारीकोतारी माणसे व मागे ठेवलेली लहान मुले दिसतात. ज्या सणाला अनोळखी वाटसरूही जेवून जातो, त्या सणाला घरचाच कर्ता माणूस फडात ऊस तोडीत असतो.

पाहुण्यांच्या चार पैशांनी हे स्थलांतर थांबेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पाहुण्यांचा हंगाम व ऊसतोडीचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. भाकरी थापणे, हुरडा भाजणे, तंबू राखणे, होडी वल्हविणे या कामांची मजुरी गावातच मिळाली, तर दोन-चार घरांस यंदा गाव न सोडण्याचा विचार करता येईल. म्हणून ही कामे बाहेरच्या ठेकेदारास न देता गावातील बचत गटाच्या स्त्रियांस व ऊसतोडीस जाणाऱ्या घरांतील तरुणांस प्रथम द्यावीत. मजुरीचा दर आधी ठरवावा व हिशेब वहीत लिहावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उचल घेतली जाण्यापूर्वीच अशा घरांशी बोलणे करावे. उचल घेतल्यानंतर त्या बोलण्यास अर्थ उरत नाही.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. येळवस हा देखावा नव्हे. पूजा घरच्यांची, आंबील घरच्या शेताची, व पहिला घास मातीचा. ते झाल्यावर पाहुण्यांची पंगत. मुक्कामाचे, होडीचे व हुरड्याचे पैसे जरूर घ्यावेत, परंतु त्या एका दिवशीच्या जेवणाचे मोल सांगू नये. आलेल्यास जेवू घालणे हीच या सणाची रीत आहे. ती राखली, तर शहरातून आलेला मनुष्य पुढील वर्षी आपण होऊन पंचांग पाहील आणि येळवस कोणत्या तारखेला येते ते कळवा म्हणून निरोप धाडील.