ज्वारीचा खोडकिडा : रूप, नाव व कुल

जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ज्वारीचे ताट दाण्याइतकेच कडब्यासाठीही मोलाचे असते. त्या ताटात शिरणारी अळी ‘खोडकिडा’ म्हणून शेतकऱ्यांस परिचित आहे. परंतु तिच्यापासून निपजणारा पतंग सहसा दृष्टीस पडत नाही. तो निशाचर असून पंख पसरले असता जेमतेम 20 ते 30 मिलिमीटर भरतो. पुढील पंख वाळल्या गवताच्या रंगाचे, नरात काहीसे गडद, व त्यांच्या बाह्य कडेस बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ असते. मादीचे मागील पंख पांढरे असतात. मुखाजवळील स्पर्शके चोचीप्रमाणे पुढे आलेली दिसतात.

या जातीच्या नावाचा इतिहास मनोरंजक आहे. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी 1884 मध्ये तिला ‘क्रॅम्बस झोनेलस’ म्हटले आणि 1885 मध्ये मुंबई व दख्खनच्या पतंगांवरील निबंधात ‘क्रॅम्बस पार्टेलस’ हे दुसरे नाव दिले. अग्रक्रमाच्या नियमानुसार पहिले नाव टिकावयास हवे होते; पण त्याच प्रजातीतील अन्य पतंगास ते पूर्वीच दिलेले असल्याने बाद ठरले. आज ही जाती ‘कायलो पार्टेलस’ या नावाने ओळखली जाते. तथापि भारतीय कृषिवाङ्मयात ‘कायलो झोनेलस’ दीर्घकाळ रूढ होते. जुने निबंध धुंडाळणाऱ्याने दोन्ही नावे पाहिली नाहीत, तर निम्मी माहिती त्याच्या हातून निसटेल.

कायलो प्रजातीचे पतंग परस्परांशी इतके मिळतेजुळते असतात, आणि पंखांवरील खवले इतक्या सहज झडतात, की केवळ रंगावरून केलेला निर्णय विश्वसनीय नसतो. जननेंद्रियांची तपासणी आवश्यकच होय. कुलाविषयी पूर्वी मतभेद होता. उदराच्या बुडाशी असलेल्या श्रवणेंद्रियाची पेटी पायरॅलिडी कुलात बंद, तर क्रॅम्बिडी कुलात पुढून उघडी असते. या लक्षणावरून प्रस्तुत जाती आता क्रॅम्बिडीत गणली जाते.

शेतात घोटाळा होतो तो वेगळाच. पोंगेमर खोडमाशीमुळेही होते. परंतु खोडमाशी कोवळ्या रोपांवर पडते व पानांस छिद्रे पाडीत नाही. खोडकिड्याची अळी मात्र पोंग्यातील गुंडाळलेली पाने कुरतडते, म्हणून ती उलगडल्यावर त्यांवर छिद्रांची आडवी रांग दिसते. कापणीनंतर पूर्ण वाढलेली अळी धसकटात व कडब्यात सुप्तावस्थेत राहते. धसकटे वेचून जाळणे सोपे आहे. कडबा जाळणे मात्र जतच्या पशुपालकास परवडणारे नाही. त्याची कुट्टी करून पावसाळ्यापूर्वी तो जनावरांस खाऊ घालणे, हाच तेथे व्यवहार्य उपाय ठरतो.