तंबूमागची माणसे

मंदी आली की पहिली गदा कोणाच्या मजुरीवर येते? सारा ग्रुएन यांच्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ (२००६) या इंग्रजी कादंबरीत याचे उत्तर सर्कशीच्या तंबूमागे सापडते.

काळ १९३१चा, अमेरिकेतील महामंदीचा. जेकब पशुवैद्यकाच्या शेवटच्या परीक्षेला बसणार, तोच आईवडील मोटार अपघातात जातात. वडीलही गुरांचे डॉक्टर. लोकांकडे पैसे नसत, तेव्हा घेवडा नि अंडी घेऊन ते उपचार करीत. मुलाच्या फीसाठी घर गहाण पडलेले. बेघर जेकब रात्री एका धावत्या आगगाडीत चढतो. ती सर्कशीची निघते.

तंबूत झगमगाट, मागे उपासमार. मजुरांचा पगार आठवडेच्या आठवडे थकतो. नकोशा झालेल्या माणसाला रात्री धावत्या गाडीतून खाली फेकतात. पगारही बुडाला, तक्रारही संपली! रोझी हत्तीण मठ्ठ म्हणून अंकुशाचा मार खाते. तिला फक्त पोलिश भाषा कळते, हे जेकबला उमगते आणि ती शहाणी ठरते.

आम्हाला चटका लावला तो म्हाताऱ्या जेकबने. वृद्धाश्रमासमोर सर्कस आलेली, तो तयार होऊन घरच्यांची वाट पाहतो. कोणीच येत नाही. शेवटी वॉकर धरून एकटाच निघतो.

सर्कशीच्या मालकाला दोष देणे सोपे आहे. पण कामवाल्या बाईंचा पगार आपणही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत ढकलतो का? घरातले वडीलधारे कोणाची वाट पाहत बसले आहेत का? आज जेवताना एकमेकांना एवढे विचारू या.