सौसरच्या घड्यांमधले मँगनीज

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघाले की वाटेत सौसर लागते. संत्र्यांचा आणि जामसावळीच्या हनुमानाचा हा मराठी मुलूख २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. भूशास्त्रात मात्र त्याचे नाव फार जुने. बालाघाट, भंडारा, नागपूर, छिंदवाडा या भागांतून सुमारे २०० किलोमीटर कमानीसारख्या गेलेल्या प्राचीन खडकांना ‘सौसर समूह’ म्हणतात. भारतातले उत्तम मँगनीज याच पट्ट्यात आहे.

भूशास्त्रज्ञ लुइस फर्मोर यांनी १९०९मध्ये देशातील मँगनीज साठ्यांवर ग्रंथ लिहिला. सौसरजवळच्या सीतापारच्या खाणीवरून त्यांनी एका खनिजाला ‘सीतापाराइट’ म्हटले; पुढे ते बिक्सबाइटच असल्याचे ठरले. गार आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या खडकाला त्यांनी दिलेले ‘गोंडाइट’ हे नाव मात्र टिकले. कच्चीढाणा आणि गोवारी वाढोणा इथल्या खाणीही अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत.

इथले मँगनीज समुद्रतळाच्या गाळात साचले. नंतर प्रचंड उष्णता आणि दाबाखाली त्या थरांचे रूपांतर झाले आणि त्यांना घड्यांवर घड्या पडल्या. धातुक घडीच्या वळणावर जाड होते, बाजूंना पातळ होते. एकाच बोअरमध्ये तोच थर दोनदा लागला, तर दोन थर असल्याचा भास होतो आणि साठ्याचा हिशेब चुकतो. म्हणून इथे शोध म्हणजे घडीचे वळण ओळखणे.

त्याची सुरुवात पायी होते. काळा, हाताला जड लागणारा दगड आणि गोंडाइटचे उघडे कडे नकाशावर येतात. धातुक मुख्यतः सौसर समूहातल्या मनसर थरांच्या तळाशी, मध्ये आणि माथ्यावर सापडत असल्याने हे थर आधी ओळखावे लागतात. मग आडवे चर खणतात आणि शेवटी बोअर घेऊन खडकाचा गाभा वर काढतात. ब्रॉनाइट या मँगनीज खनिजाची घनता सुमारे ४.८, तर भोवतालच्या शिस्ट खडकाची साधारण २.७, त्यामुळे गुरुत्वमापन उपयोगी पडते. पांढुर्ण्याकडे बेसाल्टने जुने खडक झाकले आहेत, तिथे अशा मापनांची गरज आणखी वाढते.

पोलाद मँगनीजशिवाय बनत नाही, आता बॅटऱ्यांनाही ते हवे आहे. शोध वाढायलाच हवा. पण जुन्या खाणी बुजवण्याआधी त्यांच्या भिंतींवरच्या घड्यांची मापे आणि छायाचित्रे घ्यायलाच हवीत. पुढचा बोअर कुठे आणि किती तिरका घ्यायचा, हे त्या भिंतीच सर्वांत खात्रीने सांगतात.