अल्पजीवी प्रक्रियांचा शोध : ऑपरेटिंग सिस्टिमच्या इशाऱ्यामागील कारण

ऑपरेटिंग सिस्टिमच्या इशाऱ्यात अनेकदा केवळ प्रक्रिया क्रमांक आढळतो. टास्क मॅनेजर उघडेपर्यंत ती प्रक्रिया संपलेली असते. तोच क्रमांक पुढे दुसऱ्या प्रक्रियेस मिळू शकत असल्यामुळे निर्दोष प्रोग्रॅमवर ठपका येण्याचा संभव असतो. प्रसंगी प्रयोगशाळेतील संगणक विनाकारण फॉरमॅट केला जातो.

टास्क मॅनेजर ठरावीक अंतराने स्थिती दर्शवितो. दोन क्षणांच्या मध्ये सुरू होऊन संपणारी प्रक्रिया त्यात दिसत नाही. ताडोबाच्या जंगलात गस्तीच्या दोन फेऱ्यांमध्ये वाघ निघून गेला, तरी वाटेवरील कॅमेरा ट्रॅपमध्ये त्याची नोंद राहते. येथेही नंतर पाहण्यापेक्षा प्रारंभाच्या क्षणीच नोंद होणे आवश्यक ठरते.

विंडोजमध्ये प्रक्रियानिर्मितीचे ऑडिट सुरू केल्यास सुरक्षा नोंदवहीत ४६८८ या क्रमांकाची नोंद होते. तीत वेळ, फाइलचा मार्ग व जनक प्रक्रियेचा क्रमांक असतो. संपूर्ण कमांड नोंदविण्यासाठी वेगळे सेटिंग करावे लागते. या नोंदीतील प्रक्रिया क्रमांक षोडशमान पद्धतीत असतात. इशाऱ्यातील दशमान ४६६० येथे १२३४ असा दिसेल. लिनक्समध्ये हेच कार्य ऑडिट यंत्रणेद्वारे साधता येते.

पुढील इशारा येताच क्रमांक व वेळ दोन्ही जुळवावेत आणि जनक प्रक्रियेपर्यंत जावे. ती टास्क शेड्युलरची वा एखाद्या अपडेट सेवेची असल्यास दुरुस्ती तेथेच करावयाची असते. नोंदवही भरल्यावर जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. म्हणून तपासापूर्वी तिची आकारमर्यादा वाढविणे इष्ट होय.